नव्वद मिनिटं

मेकॅनिकने वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात जमिनीवर पालथं पडून मोठ्या फ्रिजच्या पायथ्याची जाळी काढली आणि आतल्या टायमरवर बॅटरीचा झोत टाकला. काटा किती मिनिटांवर असेल, हे त्याला बघायच्या आधीच ठाऊक होतं. नव्वद.

हा फ्रिज दर सहा तासांनी गारवा थांबवून आतल्या नळ्यांवरचा बर्फ वितळवतो. त्याला तीस मिनिटं पुरतात. गेल्या आठवड्यात बर्फ फार साचला होता, म्हणून त्यानेच काटा नव्वदवर नेला आणि तासाभरात परत आणतो म्हणाला. तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन आला आणि गडी जो निघाला तो निघालाच. पाच दिवस फ्रिज दिवसातून चारदा कोमट होत राहिला. सहाव्या दिवशी वृद्धाश्रमातली अकरा माणसं कोंबडीचं सूप पिऊन आजारी पडली. नऊ नंबरच्या खोलीतल्या आजी गेल्या.

आळ आला स्वयंपाकीणबाईंवर. बावीस वर्षं ज्यांनी त्यांच्या हातचं खाऊन बोटं चाटली, तेच आता म्हणत होते की बाईंचं नाक गेलं, नासलेलं त्यांना कळत नाही. या बाई म्हणजे मेकॅनिकच्या सासूबाई. इथलं काम त्याला मिळालं तेही त्यांनी शब्द टाकला म्हणून.

काटा तीसवर होता.

त्याने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. स्क्रूच्या खाचेत कणीक वाळून बसली होती. तो टायमर कसा लावतो हे बघायला आजवर एकच माणूस शेजारी उभं राहत असे.

सासूबाई ओट्यापाशी आपल्या सुऱ्या कापडात गुंडाळत होत्या.

“आई, हे तुम्ही केलंत?”

“मला मेलीला यंत्रातलं काय कळतंय?”

“मी साहेबांना सांगतो. चूक माझी आहे.”

“सांगा. मग उद्यापासून तुम्हाला दारात कोण उभं करील? घरात वर्षाचं लेकरू आहे, जावईबापू.” त्यांनी गाठ घट्ट मारली. “माझी निघायची वेळ झालीच होती. लिहा, मशीन ठीक आहे म्हणून.”

त्याला भरून आलं, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची त्याला लाज वाटली. तरी व्यवस्थापकांनी पुढे केलेल्या कागदावर त्याने तेच लिहिलं आणि खाली सही केली.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा बायको बाळाला भरवत होती. झालेलं सगळं तिच्या कानावर आलं होतं. मशीन नीट तपासलंस ना, असं तिने दोनदा विचारलं. मशीन ठीक आहे, असं त्याने दोन्ही वेळा सांगितलं. तिने चमचा वाटीत ठेवला.

“आई उद्यापासून आपल्याकडेच राहील,” ती म्हणाली. “राहू दे. पण बाळाच्या तोंडात तिच्या हातचं काही जायला नको. माझ्याने तिला ते सांगवणार नाही.”

तो हात धुवायला उठला.

“तूच सांग. तुझ्यावर तिचा विश्वास आहे.”

तो बरं म्हणाला.