शेवटच्या घराला धार पोचत नाही

दिनकरराव घोरपड्यांच्या डोक्याला मार्चपासून दिवसाआड रक्तपुरवठा होऊ लागला. सकाळी सहा ते पावणेसात, तेही करंगळीएवढ्या धारेने. मानेतली डावी नळी आतून थर धरून अरुंद झालीय, हे सोनोग्राफीच्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं. धार येई त्या दिवशी ते शब्दकोडं सोडवत. एरवी चष्मा फ्रिजमध्ये ठेवून घरभर शोधत.

त्यांची बायको शालन पार वैतागली होती. चष्म्याचं तिला काही नव्हतं, पण तिचं एक भांडण अजून बाकी होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी तिचे वडील गेले, तेव्हा दिनकरराव पाणीखात्यात इंजिनियर होते. ते तिला माहेरी न्यायला आले नाहीत. पाइप फुटला होता म्हणाले. कुठलाही पाइप फुटला नव्हता, हे तिला चांगलं ठाऊक होतं. त्यांनी एकदा तोंडाने 'चुकलं' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. आणि नेमका तो दिवस त्यांच्या डोक्यात पार टोकाच्या घरात राहत होता, जिथे धार पोचतच नव्हती.

ती पाणीखात्यात गेली. टेबलामागच्या कारकुनाने मान वर केली नाही.

"ग्राहकाची स्वतःची तक्रार आहे का?"

"त्यांना कळत असतं तर मी कशाला आले असते?"

"मग तक्रार नाही असंच धरतात, वहिनी. नियम साहेबांनीच केलेला आहे."

त्याने तिच्या अर्जावर 'सहा महिन्यांनी यावे' असा शिक्का मारला. नवऱ्याने केलेला नियम नवऱ्यालाच लागू झाला, आणि डोकं पिकलं ते हिचं!

मग शालन स्वतःच पाहणीला गेली. वाट नवऱ्याच्या डाव्या कानामागून आत जात होती. सुरुवातीच्या गल्ल्या ओल्या होत्या. तिथे दिनकररावांची शाळा होती, आई होती, पहिली सायकल होती. पुढे धूळ लागली. माणसं कोरड्या नळांपाशी हंडे घेऊन बसली होती आणि घरं एकेक करून बसकी होत गेली होती. शेवटच्या घराच्या उंबऱ्यावर त्या दिवशीची, एक्केचाळीस वर्षांची शालन पिशवी भरून बसलेली होती. ती इतकी वाळली होती, की तिच्यातून मागच्या दाराची कडी दिसत होती.

"आले का ते?" तिने विचारलं.

"येणार नाहीत. तू ऊठ बघू."

"मी उठले की त्यांनी काही केलंच नव्हतं असं होईल," वाळलेली शालन म्हणाली.

शालनला तिचा रागही आला आणि रडूही आलं. ती तशीच घरी परतली आणि तिने रज्जाकला बोलावलं. रज्जाक पूर्वी दिनकररावांच्या हाताखाली पाणी सोडायचा. तो छातीएवढी लोखंडी चावी घेऊन आला, त्याने साहेबांची मान चाचपून बघितली आणि तो मागे सरला.

"चावी बसतीय, वहिनी. पण फिरवताना थराचा तुकडा सुटून वर गेला, तर सगळंच बंद पडंल. माझ्यानं नाही व्हायचं." चावी भिंतीला टेकवून तो निघून गेला.

"अहो, उघडू का?" शालनने विचारलं.

"सप्लाय व्यवस्थित आहे," दिनकरराव ऑफिसातल्या आवाजात म्हणाले.

हे ऐकून तिचं डोकंच फिरलं. तिने चावी मानेत बसवली आणि पाव आटा फिरवली. आत काहीतरी करकरलं. दिनकररावांचे डोळे एकदम स्वच्छ झाले.

"शालन," ते म्हणाले, "तुझे वडील गेले त्या दिवशी मी..."

"बोला ना!"

त्यांनी तोंड उघडलं. आधी खरखर झाली, मग नुसती हवा येऊ लागली. नळाला धार येण्याआधी अशीच हवा येते आणि पाणी गेल्यावरही अशीच येते. शालनने एक हात चावीवर तसाच ठेवला आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या हनुवटीखाली तांब्या धरला.