नकलेतली काठी

मी काठी बोलतेय. काठी म्हटल्यावर लगेच अंग चोरू नका. मी उगारायची काठी नव्हे, टेकायची. आजवर कुणाच्या पाठीत बसलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. तुमच्या म्हणींनी आमच्या जातीची पार अब्रू घेतली आहे. पाण्यावर मारायला काठी, सापावर मारायला काठी. हिच्यावर भार टाकला म्हणून घरी पोचलो, असं कुणी म्हणून ठेवलंय का? असो. माझा स्वभाव जरा ताठ आहे, तेवढं सांभाळून घ्या.

मला एका कातारी माणसाने घडवलं. खुर्च्यांचे आणि पाळण्यांचे पाय कातण्यात त्याचं आयुष्य गेलं. घरात सगळे त्याला आप्पा म्हणतात. त्याची मुलगी लहानपणापासून उजव्या पायाने अधू. तिला नोकरी लागली तेव्हा बाजारातली काठी त्याला पसंत पडेना. त्याने मुलीच्या डाव्या हातात ओल्या मातीचा गोळा दिला आणि म्हणाला, "दाब घट्ट." त्या ठशावरून त्याने माझी मूठ कोरली. अंगठ्याला खोबण, तळहाताला उतार. त्यामुळे माझी मूठ जगात एकाच हाताला बसते. ती मुलगी म्हणजे माझी मालकीण. मी तिला बाई म्हणते, कारखान्यातले लोक ताई म्हणतात.

बाई चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात तपासणीला होती. भिंग दिव्यासमोर धरायचं, ओरखडा किंवा बुडबुडा दिसला तर 'बाद' अशी चिठ्ठी लावलेल्या ट्रेमध्ये टाकायचं. तिथे धुळीचा भारी धाक. फरशी सारखी पुसलेली, आरशासारखी गुळगुळीत. सगळे मऊ सपाता घालून वावरायचे, त्यामुळे त्या खोलीत चालण्याचा आवाज एकच, माझा. टक, टक. माझ्या टोकाचं रबर झिजून आतली लोखंडी शेंबी बाहेर आली होती, पण त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. उलट आवाज आला की शेजारच्या टेबलावरची मैत्रीण न बघताच म्हणायची, "आलीस? बस, चहा यायचाय."

त्या खोलीचे सुपरवायझर म्हणजे दादा. कोपऱ्यातल्या उंच खुर्चीवर बसून सगळ्यांवर नजर ठेवायचे. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. बाईला जिना चढायला लागू नये म्हणून खालचं, खिडकीजवळचं टेबल त्यांनीच दिलं होतं. आणि नकला काय करायचे! कारखान्याचं वार्षिक स्नेहसंमेलन असलं की लोक जेवणापेक्षा दादांच्या नकलांची वाट बघायचे. साहेबांचं शिंकणं, हिशेबनिसाचं फोनवर बायकोला 'हो, हो' करणं. ज्याची नक्कल व्हायची त्याची दुसऱ्या दिवशी कॉलर ताठ. ज्याची राहायची तो रुसायचा. "आम्ही काय घोडं मारलंय?" असं विचारायचा.

त्या वर्षी संमेलन एका भाड्याच्या हॉलमध्ये होतं. खुर्च्या गोलात मांडलेल्या, साहेब पुढच्या रांगेत. बाईने मला आपल्या खुर्चीच्या पाठीला अडकवलं होतं. दोन-तीन नकला झाल्या, हॉल तापला, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "दादा, ताईंची करा."

दादा क्षणभर थांबले. ते मी पाहिलं, म्हणून सांगते. मग ते आले आणि बाईला न विचारता मला उचलून घेऊन गेले.

त्यांनी मला उजव्या हातात धरलं. माझी मूठ त्यांच्या तळव्यात बसेना, सारखी फिरत होती. लंगडले तेही डाव्या पायाने. नक्कल साफ चुकली होती, पण हशा बरोबर आला. टक, टक करत ते गोलात फिरले, एक काल्पनिक भिंग दिव्यासमोर धरलं, आणि बाईच्या आवाजात म्हणाले, "रोज ढिगाने बाद करते मी. मला मात्र अजून कुणी बाद केलं नाही, नशीबच म्हणायचं."

लोक खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग सगळ्यांच्या माना एकदम बाईकडे वळल्या, आणि बाई हसली. इतक्या जणांनी एकदम तोंडाकडे पाहिलं तर माणूस दुसरं काय करणार? दादांनी मला परत दिलं तेव्हा तिच्या बोटांनी मला असं आवळलं की खोबणीत तिचं नख रुतलं. माझ्या मुठीवर ती खूण अजून आहे.

इथेच सगळं संपतं तर मी तोंड उघडलं नसतं. एक वाईट संध्याकाळ कुणाच्याही वाट्याला येते. पण सोमवारी बाई खोलीत शिरली, मी पहिली टक केली, आणि कोपऱ्यातल्या टेबलावरून तिला साथ मिळाली. कुणीतरी पेन आपटलं होतं. दुसऱ्या टक्‌ला दोन पेनं. टेबलापर्यंत पोचेस्तोवर निम्मी खोली आमच्या पावलांवर ताल धरत होती. तिच्या खुर्चीच्या पाठीला 'बाद'ची चिठ्ठी चिकटवलेली होती. बाईने ती काढली, पुन्हा ट्रेला नीट लावली आणि काम सुरू केलं. शेजारची मैत्रीण भिंगात डोळे खुपसून बसली होती. दादा उंच खुर्चीवरून सगळं बघत होते. मधूनच खाली मान घालून गालात हसत होते.

मग हे रोजचंच झालं. एका सकाळी बाईने घरात जुन्या चादरीचा तुकडा फाडला, माझ्या टोकाला गुंडाळला आणि दोऱ्याने करकचून बांधला. मी मुकी झाले. त्या दिवशी खोलीत आमच्या येण्याचा पत्ताच लागला नाही. बाईला बरं वाटलं. मला मात्र पाय रोवता येईना. गुळगुळीत फरशी, ओलसर पुसलेली, आणि माझ्या टोकाला कापड. चहाच्या सुट्टीत बाईने माझ्यावर भार टाकला आणि मी सटकले. ती डाव्या हातावर पडली. मनगट मोडलं.

कारखान्यात अपघात झाला की चौकशी करतात. सुरक्षेचे एक गृहस्थ आले. त्यांनी फरशी पाहिली, मला उचलून उलटंपालटं केलं आणि विचारलं, "काठीला कापड कशाला?" शेवटी शेजारची मैत्रीण उठली. पेनं, चिठ्ठी, हॉल, नक्कल, सगळं तिने सांगितलं. सांगताना रडत होती. आपणही हॉलमध्ये हसलो होतो, हेही तिने सांगितलं.

घरी आप्पांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "काठीला मोजे कुणी घातले?" बाईने सांगितलं. ते बराच वेळ माझा दोरा सोडत बसले. मग म्हणाले, "टक टक नको म्हणून बांधलंस. पडलीस तेव्हा केवढा आवाज झाला असेल." बाईला हसू आलं आणि मग रडू आलं. मला दाराआड उभं केलं. हात गळ्यात बांधलेला, मला धरणार कशी? दाराआडच्या दिवसांत माझ्यावर धूळ बसली. रोज वापरात असलेल्या वस्तूला रिकामपण खायला उठतं, हे मला तेव्हा कळलं.

दादांना काढून टाकणार, अशी कारखान्यात बोलवा उठली. मग घरी रीघ लागली. कुणी म्हणे, काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही, आपण सगळे एका घरातले. कुणी म्हणे, संमेलन कामाच्या वेळेत थोडंच होतं, तिथलं तिथे सोडून द्यावं. एक जण तर म्हणाली, "ताई, त्यांना दोन मुली आहेत. कुणाच्या पोटावर पाय देऊ नये."

बाई म्हणाली, "माझे पाय तुम्हाला माहीतच आहेत. मी कुठून पाय देणार?" ती बिचारी चहा न घेता गेली.

आणि एका संध्याकाळी दादा स्वतः आले. दाढी वाढलेली, आवाज बसलेला. आप्पांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि आत निघून गेले.

"ताई, मस्करीची कुस्करी झाली," दादा म्हणाले. "तुम्हाला दुखवायचं मनात नव्हतं. तुम्हीसुद्धा हसलात, म्हणून मला वाटलं..."

"हसले ना," बाई म्हणाली. "दादा, माझी काठी तुमच्या हातात होती. मी उठून जाणार होते कशी?"

दादांनी दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ते हळूच म्हणाले, "माझी नोकरी जाईल, ताई. या वयात मला दुसरीकडे कोण घेणार?"

तिलाही रात्री झोप लागत नव्हती. तो माणूस घरी बसलेला तिला बघवला नसता, आणि उंच खुर्चीवर बसलेलाही बघवत नव्हता.

साहेबांनी तिला बोलावलं. आप्पा तिचा दंड धरून आले, मी त्यांच्या काखेत. खोलीत दादाही होते. साहेब म्हणाले, "साप मरावा, पण काठी मोडू नये, असं बघायला हवं." मला ते मुळीच आवडलं नाही. "दादांनी आपण होऊन राजीनामा द्यावा, म्हणजे बोभाटा नको. पण ताई, शेवटी तुम्ही म्हणाल तसं. ठेवू की काढू?"

बाईने मला मांडीवर आडवं घेतलं. "साहेब, हसताना मला विचारलं होतं का? मग आता का विचारता? तुम्ही पुढच्याच रांगेत होतात."

साहेबांनी चष्मा काढला आणि नुसताच हातात धरला.

"हॉलमधलं मी गिळलं असतं," बाई पुढे म्हणाली. "दादांनी दुसऱ्या दिवशी माफी मागितली असती तर मनापासून केलं असतं माफ. पण त्या सोमवारी पेनं वाजत होती आणि ते त्या खुर्चीवर होते. खोलीत काय चालतं ते बघायलाच ती खुर्ची आहे ना? त्यांनी पोट कसं भरावं ते मी ठरवणार नाही. पण त्या खुर्चीवर ते बसणार असतील, तर मी परत येणार नाही."

दादा जमिनीकडे बघत म्हणाले, "ऐकत होतो मी. मला गंमत वाटत होती."

दादांची खुर्ची गेली. पगार उतरला, आणि ते आमच्या खोलीच्या दाराबाहेरच्या, भिंगं घासायच्या यंत्रावर बसले. साहेबांनी सगळ्यांना गोळा करून स्वतःच्या हसण्याबद्दलही माफी मागितली, जरा चाचरत. कुणी म्हणालं, स्वस्तात सुटला. कुणी म्हणालं, एका विनोदापायी केवढी शिक्षा. ही चर्चा चहाच्या वेळी अजून चालते.

बाईचा हात बरा झाला. आप्पांनी मला नवी शेंबी बसवली, चांगली जाड. बाई खोलीत शिरली आणि मी पूर्वीसारखी खणखणीत वाजले. टक. आणि कुठूनसं, सवयीने, एक पेन वाजलं.

घासायच्या यंत्रावरून, मान वर न करता, दादा म्हणाले, "बंद कर."

पेन थांबलं. दोनच शब्द होते. त्या सोमवारी, खुर्चीवर असताना ते बोलले असते तर खुर्चीही राहिली असती आणि मनगटही. बाई थबकली, त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि आपल्या टेबलाकडे चालू लागली.

आता मी पुन्हा रोज बाईच्या खुर्चीच्या पाठीला अडकलेली असते. संमेलनं होतात, नकलाही होतात, दादा करत नाहीत. हसा बापड्यांनो, माझी ना नाही. मी लाकडाची असले तरी मलाही विनोद कळतो. फक्त ज्याच्यावर हसताय, त्याला उठून जाता येतंय का, तेवढं आधी बघा.