नोरीन मावशीचं ‘मी थांबते’

माझा धंदा लोकांना गाडी शिकवण्याचा. आयर्लंडमधल्या लीट्रिमच्या अरुंद रस्त्यांवर मी पोरांना सगळं शिकवू शकतो, एक गोष्ट सोडून. समोरून गाडी आली की करायचं काय? आमच्याकडे दोन्ही गाड्या थांबतात. हा दिवे लुकलुकवून म्हणतो, तू जा. तो हात हलवून म्हणतो, छे छे, तूच जा. मग परत हा, परत तो. परीक्षक घड्याळाकडे बघत बसतो आणि माझी पोरं नापास होतात. पहिल्या दिव्याला सरळ गाडी पुढे काढणारा माणूस एक तर परका असतो, नाही तर डब्लिनचा.

माझी नोरीन मावशी गाडी चालवत नाही, पण तिचं सगळं आयुष्य त्या अरुंद रस्त्यावरच गेलंय. केकचा शेवटचा तुकडा उरला की ती म्हणणार, "मला नको गं बाई, तुम्ही घ्या." शेगडीजवळची खुर्ची रिकामी झाली की म्हणणार, "मी आपली इथे दारात बरी." आपण म्हणायचं, "असं कसं, तूच बस." ती म्हणणार, "नको रे." आपण दुसऱ्यांदा म्हणायचं. तिसऱ्यांदा म्हटलं की ती बसते, आणि एकदा बसली की झोपायच्या वेळेपर्यंत उठत नाही. हे आमच्या गावात शाळेत जायच्या आधीच समजतं.

नेदरलँड्समध्ये ते समजत नसावं. डब्लिन विमानतळावर फाटकाशी उभा असलेला विमान कंपनीचा पोरगा तिथला होता.

मावशी निघाली होती स्पेनमधल्या मालागाला. तिथे तिची धाकटी बहीण, माझी अट्रॅक्टा मावशी राहते. चाळीस वर्षांपूर्वी तिने पाको नावाच्या स्पॅनिश सुताराशी लग्न केलं, आणि त्या शनिवारी लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचा मोठा घाट घातला होता. लग्नाला नोरीन मावशी जाऊ शकली नव्हती, कारण तेव्हा आजी कंबर मोडून पडली होती आणि कुणीतरी घरी राहायलाच हवं होतं. त्यामुळे या वेळी तिने महिनाभर आधीच केक केला होता, रोज त्याला थोडी व्हिस्की पाजली होती, आणि विमानतळावर मी तिला सोडलं तेव्हा तो केक तिने पोटाशी धरला होता. गाडीत वासानेच मला चढायची वेळ आली होती.

विमानात जागा कमी आणि माणसं जास्त, असं निघालं. या कंपन्या मुद्दामच जास्त तिकिटं विकतात. कुणीतरी येणार नाही असा त्यांचा हिशेब असतो, आणि त्या दिवशी मेले सगळेच आले. तो पोरगा ओरडून विचारायला लागला, "कुणी थांबायला तयार आहे का?" कुणी मान वर करेना. त्याच्या कपाळावर घाम आलेला मावशीने पाहिला आणि तिच्याने राहवेना.

"बाळा," ती म्हणाली, "तुझं अगदीच अडलं असेल तर मी थांबते हो."

"फार आभारी आहे, बाई," तो म्हणाला, आणि त्याने तिचं नाव यादीतून काढून टाकलं.

मावशी तिथेच उभी राहिली. तो परत विचारेल म्हणून वाट बघत. "अहो, नको, तुम्ही कशाला थांबता," असं तो म्हणेल, मग ती "नाही रे, थांबते ना," म्हणेल, मग तो तिला हाताला धरून विमानात बसवेल. त्याऐवजी त्याने तिच्या हातात शंभर युरोचं एक कूपन ठेवलं आणि दार बंद केलं. विमान उडाल्यावर सुद्धा ती थोडा वेळ उभीच होती, असं तिनेच मला सांगितलं. पुढचं विमान रविवारचं होतं आणि समारंभ शनिवारी.

तिने तिथूनच अट्रॅक्टा मावशीला फोन लावला. अट्रॅक्टा मावशी आधी कंपनीवरच भडकली. "उतरवलं तुला? कुणी उतरवलं? नाव सांग त्याचं!" आता त्या पोराची नोकरी जाईल या भीतीने नोरीन मावशी म्हणाली, "नाही गं, मीच म्हटलं थांबते."

मग अट्रॅक्टा मावशी म्हणाली, "म्हणजे तुला यायचंच नव्हतं." आणि फोन ठेवला. तो तिने नंतर उचललाच नाही.

मी मावशीला घरी आणलं. आल्या आल्या तिने केक कपाटात ठेवून दार लावून घेतलं. मी म्हटलं, "मावशी, युरोपचा कायदा आहे. जागा नाही म्हणून मनाविरुद्ध मागे ठेवलं तर भरपाई द्यावी लागते. मालागाच्या अंतराला चारशे युरो. आपण मागू या."

"जाऊ दे रे," ती म्हणाली. "त्या पोराला फार घाम आला होता."

तिला न विचारता मीच तिच्या नावाने कंपनीला लिहिलं. उत्तर आलं: बाईंनी आपली जागा स्वखुशीने सोडली, सबब भरपाई देय नाही.

ते वाचून मावशीने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि परत वाचलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी तिला टेबलावर हात आपटताना पाहिलं नव्हतं. "स्वखुशीने? माझ्या बहिणीच्या समारंभाला मी स्वखुशीने गेले नाही? असं छापून पाठवतात? फर्गल, मला पैसे नकोत. मला कोर्टाच्या खुर्चीत बसलेल्या कुणीतरी माणसाने सांगायला हवं, की नोरीनला जायचं होतं. म्हणजे मग ती ऐकेल."

असा आमचा दावा कॅरिकच्या कोर्टात गेला. लहानसहान दाव्यांना तिथे वकील लागत नाही, पण साक्षीदार लागतो. मावशीने ते मनापासून म्हटलं नव्हतं, हे शपथेवर कोण सांगणार? मी सांगून उपयोग नव्हता, मी तिचा लाडका भाचा. मी मालागाला फोन केला. माझा फोन मात्र तिने उचलला.

"मी कशाला येऊ?" अट्रॅक्टा मावशी कडाडली. "तिने आपल्या मर्जीने जागा सोडली."

"कंपनीही अगदी हेच म्हणतेय," मी म्हटलं. "त्यांच्याच बाजूने साक्ष देतेस का?"

तिने मला स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हटलं. ते काय होतं ते मी पाकोला कधीच विचारणार नाही. मग फोन आपटला.

सुनावणीच्या सकाळी मावशीला घ्यायला गेलो तर दारात एक जडशीळ बॅग. "ही कशाला?"

"जुने कपडे आहेत रे. चर्चच्या दुकानात द्यायचेत. टाक मागे."

टाकली. जुन्या कपड्यांना व्हिस्कीचा वास कसा, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

कोर्टाच्या बाहेर एकच बाक. त्यावर कंपनीतर्फे आलेली बाई बसली होती. मारिका तिचं नाव, तीही नेदरलँड्सची, उंच आणि नीटनेटकी. मावशीला बघून ती चटकन उठली. "बसा ना तुम्ही."

"नको गं पोरी, तूच बस," मावशी म्हणाली.

मारिका बसली. मावशी उभी राहिली. मी डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने मावशीने पिशवीतून सँडविच काढलं. "घे थोडं."

"नको, थँक्यू. मी खाऊन आलेय."

"अगं घे."

"खरंच नको."

"एवढीशी तर आहेस. घे म्हणते ना!" आमचं नाव पुकारलं तेव्हा मारिकाचं तोंड भरलेलं होतं.

न्यायाधीशबाई शेजारच्या रॉसकॉमनच्या, म्हणजे आमच्यातल्याच, पण चेहरा असा की काही अंदाज लागू नये. मारिकाने आपलं म्हणणं स्वच्छ मांडलं. प्रवाशांना विचारलं होतं. या बाई स्वतः पुढे आल्या. शब्द त्यांचेच, त्या नाकारत नाहीत. कूपनही घेतलं.

"मी तसं म्हटलं, हे खरं आहे," मावशी म्हणाली. "पण मी एकदाच म्हटलं!"

"एकदा म्हटलं की म्हटलंच ना?" मारिकाने विचारलं. तिला खरोखरच कळत नव्हतं.

न्यायाधीशबाईंनी तिच्याकडे वळून विचारलं, "आयर्लंडमध्ये येऊन किती दिवस झाले तुम्हाला?"

"चार महिने."

"कुणी घरी बोलावलं?"

"हो, सगळेच म्हणतात, 'या कधीतरी जेवायला.' एकांकडे मी गेले. रविवारी दुपारी. ते फार चकित झाले. पण जेवायला दिलं."

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशबाईंच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. "हे सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण मला पुरावा हवा. रीत आहे म्हणून प्रत्येक बाई प्रत्येक वेळी रीतीपुरतंच बोलते असं मी धरून चालू शकत नाही. या बाईंना खरंच जायचं होतं, हे कुणी सांगू शकेल?"

"मी सांगते," मागून आवाज आला.

दारात अट्रॅक्टा मावशी उभी होती. उन्हाने रापलेली, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात छोटी बॅग. नोरीन मावशीने माझा दंड असा घट्ट धरला की दोन दिवस दुखत होता.

शपथ घेऊन झाल्यावर न्यायाधीशबाईंनी विचारलं, "तुमच्या बहिणीला थांबायचं नव्हतं, हे तुम्हाला कशावरून माहीत? तुम्ही तर विमानतळावर नव्हता."

"कारण तिने मला पण तेच म्हटलं होतं," अट्रॅक्टा मावशी म्हणाली. चष्मा तिने काढला होता. "माझ्या लग्नाच्या वेळी. आई पडून होती. आम्ही तिघी बहिणी स्वयंपाकघरात होतो आणि ही म्हणाली, 'मी थांबते, तुम्ही दोघी जा.' दर वेळी म्हणते तसंच. आणि मला माहीत होतं की मी आता म्हणायचंय, 'छे, असं कसं?' शेजारीण यायला तयार होती, सगळं जमलं असतं. पण मला घाई होती, मला लग्न करायचं होतं. मी म्हटलं, 'बरं.'"

तिने मान वळवून नोरीन मावशीकडे बघितलं.

"तेव्हा तिचं तोंड मी पाहिलं होतं. तिने इस्त्री करून ठेवलेला निळा झगा दाराला टांगलेला होता. तो तिने काढला, घडी घातली आणि आईला सूप भरवायला गेली. चाळीस वर्षं मी रागावून राहिले, की ही येत नाही, हिला यायचंच नसतं. रागावलं की बरं पडतं. तेव्हा, बाईसाहेब, हिला जायचं होतं. तेव्हाही होतं, आत्ताही होतं. त्या पोराला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं."

मला एकदम आई आठवली. ती पण होती त्या स्वयंपाकघरात, तिसरी बहीण. नाक शिंकरायचं म्हणून मी खाली बघितलं.

न्यायाधीशबाईंनी मारिकाला एकच प्रश्न विचारला. "कूपन कधी दिलं? बाई थांबायच्या आधी ठरलं होतं, की नंतर हातात ठेवलं?"

मारिकाने कागद उलटून पाहिले. बाई प्रामाणिक होती. "नंतर," ती म्हणाली.

"मग झालं. स्वखुशीने जागा सोडणं हा सौदा असतो. थांबलात तर हे देऊ, हे तुमचे हक्क, आहे कबूल? असं काही विचारलंच गेलं नाही. एका भल्या बाईने धीर द्यायला चार शब्द म्हटले, ते तुम्ही धरून ठेवलेत." मग त्या मावशीकडे वळल्या. "बाई, तुम्ही स्वखुशीने थांबला नाहीत. भरपाई पूर्ण मिळेल."

"तेवढं पहिलं वाक्य परत म्हणता का?" मावशी म्हणाली. "हिला ऐकू द्या."

"मी ऐकलं गं," अट्रॅक्टा मावशी म्हणाली.

बाहेर पायऱ्यांवर दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. मिठी वगैरे आमच्याकडे पटकन मारत नाहीत. नोरीन मावशीने बहिणीच्या कोटाची कॉलर सारखी केली. अट्रॅक्टा मावशीने ती परत वाकडी केली.

"संध्याकाळच्या विमानाने परत चाललेय मी," अट्रॅक्टा मावशी म्हणाली. "तूही चल माझ्याबरोबर."

आता नोरीन म्हणणार, नको गं, तुला कशाला त्रास. मग ही म्हणणार, त्रास कसला. माझ्या हिशेबाने पाव तास लागणार होता, म्हणून मी गाडीला टेकून उभा राहिलो.

"बरं," नोरीन मावशी म्हणाली.

अट्रॅक्टा मावशीचं तोंड उघडं ते उघडंच. "बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे येते. त्याच विमानाचं तिकीट आधीच काढलंय मी. बॅग फर्गलच्या गाडीत आहे, केक पण आहे."

"आणि मी आलेच नसते तर? बोलावलं नसतं तर?"

"तर तुझ्या दारात येऊन उभी राहिले असते. आत घे म्हणून तीन वेळा सांगितलं असतं." ती गाडीपाशी आली आणि कुणी काही म्हणायच्या आत पुढच्या सीटवर बसली. जन्मात प्रथमच. अट्रॅक्टा मावशी मुकाट्याने मागे बसली, केक मांडीवर घेऊन.

"आणि आज परत विमानात जागा नसली तर, मावशी?" मी गाडी सुरू करत विचारलं. "'कुणी थांबेल का' असं विचारलं तर?"

"तर मी म्हणेन, मी नाही थांबत." ते तिने काचेकडे बघून आणखी दोनदा म्हणून पाहिलं. जरा बोचरं वाटलं, पण जमलं.

हमरस्त्याला लागायच्या आधी आमचा नेहमीचा अरुंद पट्टा येतो. समोरून ट्रॅक्टर आला. चालवणारा थांबला, त्याने दिवे लुकलुकवले. सवयीने माझाही हात दिव्यांच्या बटणाकडे गेला.

"तो जा म्हणतोय ना?" नोरीन मावशीने माझ्या हातावर चापट मारली. "मग जा की!"

मी गेलो. आरशात बघितलं तर ट्रॅक्टरवाला हात अर्धवट वर करून आमच्याकडे बघतच राहिला होता.