आठ सिलिंडरचा मानाचा घोडा

माझी सत्तरी झाली, त्या दिवशी ताराज शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉलमध्ये रिसबेकने मला घोड्यावर बसवले. म्हणजे अंगावर जरीचा चपान, मानाचा लांब झगा, चढवला आणि हातात गाडीची किल्ली दिली. पूर्वी खराच घोडा देत. आता दिला तरी आम्ही चौथ्या मजल्यावर राहणारी माणसे, तो बांधणार कुठे?

रिसबेक माझा जुना विद्यार्थी. व्याकरणात कायम काठावर पास. आता अर्ध्या शहराचे रस्ते तोच बांधतो. माइक घेऊन तो म्हणाला, "आगायनी मला शब्द दिले, मी त्यांना चाकं देतो." शिक्षकाला आमच्याकडे आगाय म्हणतात. माझे निवृत्त सहकारी डोळे पुसू लागले. मीही पुसले. रडणाऱ्याला कोणी भाषण करायला सांगत नाही, हेही मनात होते.

गाडी काळी, जर्मन, आठ सिलिंडरची. तीन वर्षे रिसबेकने वापरलेली, पण दिसायला कालची. मी ती फार जपून चालवत असे. मागून हॉर्न वाजले की बाजूला घेऊन सगळ्यांना पुढे जाऊ देत असे. बायको, उमसिन, शेजारी बसून म्हणायची, "म्हातारबुवा, गाडी लाजतेय तुमच्यामुळे." पण तिलाही ती आवडली होती. तलास नदीच्या काठावर तिला वडिलांकडून आलेली एक छोटी बाग होती, जर्दाळूची झाडे आणि दोन खोल्या. उन्हाळाभर ती तिथेच असायची. मी गाडीने तिला सोडायला गेलो की शेजारच्या बागांमधल्या बायका कुंपणाशी यायच्या.

जून महिन्यात आम्ही एका लग्नासाठी अल्माटीला निघालो आणि मेर्के गावाच्या पुढे इंजिनातून आवाज येऊ लागला, कोणी आतून दार ठोठावत असल्यासारखा. मागे निळा धूर. तेलाचा दिवा तर आठवडाभर लागत होता. मी दर वेळी तेल भरत होतो आणि मोठ्या गाड्या खात असतील तेल, अशी स्वतःची समजूत घालत होतो. शेवटी टोइंगच्या ट्रकवर चढून आम्ही अल्माटीला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पोहोचलो. लग्न राहिले.

तिथल्या काउंटरवरची मुलगी फार गोड बोलणारी होती.

"आजोबा, वॉरंटी संपलीय."

"कधी?"

"मार्चमध्ये."

"मग आता?"

"मग आता पैसे." तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. सिलिंडरच्या आत कॅमेरा घालून काढलेला फोटो होता. चकचकीत भिंतीवर मांजराने ओरबाडल्यासारख्या उभ्या रेघा. "इंजिनाचा पूर्ण ब्लॉक बदलावा लागेल. आम्ही तेव्हाच सांगितलं होतं."

"मला?"

"आधीच्या मालकांना. वॉरंटीत बसत नव्हतं, मधली सर्व्हिसिंग त्यांनी बाहेर करून घेतली होती. ते म्हणाले, राहू द्या, मी ही गाडी भेटच देणार आहे कोणाला तरी." ती हसली. "किती मोठं मन असतं ना काही लोकांचं!"

मी म्हणालो, हो. मुलीने आकडा कागदावर लिहून दिला. तेवढ्या पैशांत ताराजमध्ये दोन खोल्यांचे घर येते. आम्ही गाडी पुन्हा ट्रकवर चढवून घरी आणली आणि ती आमच्या खिडकीखाली उभी राहिली.

मानाचा घोडा विकत नाहीत. विकला तर देणाऱ्याचा अपमान, आणि घेणाऱ्याने मान विकला असे लोक मरेपर्यंत म्हणतात. तो कापून खाता येत नाही, परत करता येत नाही. फक्त एक करता येते: दुसऱ्या कोणाला मानाने त्यावर बसवता येते. त्यात उलट मोठेपणा.

आधी मी रिसबेककडे गेलो. तीन वेळा त्याच्या ऑफिसच्या पायऱ्यांवरून परत फिरलो, चौथ्यांदा त्यानेच खिडकीतून पाहून हाक मारली. चहा आला, मनुका आल्या, मध्ये मध्ये त्याचे फोन.

"इंजिन जरा..." मी म्हणालो.

"आठ सिलिंडर आहेत आगाय, एखादं रुसणारच! आठ बायका असत्या तर?" तो स्वतःच खो खो हसला. "अहो, घोडा देणारा काय चाराही देतो? माझं एक तत्त्व आहे. वॉरंटी संपली की गाडी दारात ठेवायची नाही. तुम्हीही तसंच करा."

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी शोधायचा मी प्रयत्न केला. नव्हती. त्याने मला खरोखरच एक उपयोगी सल्ला दिला होता. मी मनुका खाल्ल्या, त्याच्या नातवंडांची चौकशी केली आणि घरी आलो.

"सांगितलंत?" उमसिनने विचारले.

"तसं सांगितलं."

"म्हणजे नाही सांगितलं."

दोन दिवसांनी तिनेच उपाय काढला. आमची मुलगी मार्झान दिलीय ती शहराबाहेरच्या एका गावात. तिचे सासरे ओराझाली, माझे व्याही, जनावरांच्या बाजारात दलाली करतात. मोठ्या आवाजाचा, चांगल्या मनाचा माणूस. ऑक्टोबरमध्ये त्यांची साठी होती, आणि लग्नात आमच्याकडून पुरेसा मान झाला नाही हे विहीणबाई अजून चहाबरोबर वाढत होत्या.

"त्यांना बसवा घोड्यावर," उमसिन म्हणाली. "एका दगडात सगळं मिटेल."

खालच्या गल्लीतला मेकॅनिक गेना येऊन गाडी ऐकून गेला. हात पुसत म्हणाला, "आता इंजिन खोलू नका, आगाय. सगळ्यात जाड तेल भरतो, वर एक औषध ओततो. आवाज बसेल. वर्षभर कोणाला कळायचं नाही. दोन वर्षंसुद्धा, जर चालवणारा तुमच्यासारखा असेल तर."

"आणि नंतर?"

"नंतर काय? गाडी त्यांची."

रात्रभर मी मार्झानचा विचार करत होतो. ती त्या घरात सून आहे. सकाळी सगळ्यांच्या आधी उठते, पाहुण्यांच्या चहाच्या वाट्या भरते. एक दिवस बाजारातून येताना तिच्या सासऱ्यांच्या हाताखाली ते इंजिन फुटणार, आणि त्यानंतर ती जितकी वर्षे चहा ओतेल तितकी वर्षे त्याचा टोमणा तिच्या वाटीत पडत राहणार. शिवाय मला रिसबेकसारखे व्हायचे नव्हते. यातले कोणते कारण मोठे होते, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

सकाळी मी उमसिनला म्हणालो, "द्यायची तर दुरुस्त करून देऊ."

"कशानं?"

विचारतानाच तिला कळले. आमच्याकडे विकण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती तिची होती.

"पुस्तकं विका ना तुमची," ती म्हणाली.

मी खरेच दोन दुकानांत विचारून आलो होतो. त्या पैशांत पिस्टनच्या रिंगासुद्धा आल्या नसत्या. तसे मी तिला सांगितले.

ती बराच वेळ पिठाचा गोळा मळत राहिली. "रिसबेकपेक्षा चांगलं व्हायचंय तुम्हाला," ती शेवटी म्हणाली. "व्हा. जर्दाळू माझे जातात." मग म्हणाली, "मार्झानसाठी देते. तुमच्या चांगुलपणासाठी नाही."

बाग जुलैत गेली, झाडावरच्या फळांसकट. घेणाऱ्याने ती अट आधीच घातली होती.

गेनाने इंजिन उतरवले. ब्लॉक अल्माटीला पाठवून त्यात नवे लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंती, बसवून आणले. पिस्टन नवे, रिंगा नव्या, तेलाचा पंप नवा. कंपनीने सांगितले त्याच्या निम्म्यात काम झाले. त्यात बाग संपली. मी रोज जाऊन एका उलट्या बादलीवर बसायचो. मला त्यातले काही कळत नव्हते, पण वाईट काम होत असेल तर मी बसल्याने होणार नाही, असे वाटायचे. सप्टेंबरच्या शेवटी गेनाने किल्ली फिरवली. आवाज असा आला की नव्हताच म्हणा. गेना म्हणाला, "कंपनीतून आली तेव्हाही एवढी चांगली नसेल." मला वाटते तो खरे बोलत होता.

ओराझालींच्या साठीला तीनशे माणसे होती. मी त्यांना चपान घातला आणि किल्ली दिली. त्यांनी मला उचललेच. "ऐका रे!" ते ओरडले, "माझा व्याही पुस्तकातला किडा नाही, बातिर आहे बातिर, शूरवीर!" विहीणबाईंनी उमसिनच्या ताटात घोड्याच्या मांसाचा सगळ्यात चरबीदार तुकडा स्वतःच्या हाताने ठेवला. मार्झान वाट्या भरत होती. माझ्याकडे पाहून ती इतकी हसली की मी मान खाली घातली. गाडीचे इंजिन नवे केले आहे, हे मी ओराझालींच्या कानात सांगणार होतो. पण ते सांगायचे तर आधी ते बिघडले होते हेही सांगावे लागले असते, आणि मग कोणी दिली, कशी दिली, सगळेच. समारंभात ते शोभले नसते.

परतीच्या बसमध्ये उमसिन माझ्या खांद्यावर डोके टेकून झोपली. फार दिवसांनी.

फेब्रुवारीत मार्झानचा फोन आला. उमसिन स्वयंपाकघरात होती. मीच उचलला.

"पापा, गाडीचं काय केलं होतंत तुम्ही?"

तिच्या धाकट्या दिराचे लग्न ठरले होते. मुलीचा बाप शिमकेंतचा, जुन्या गाड्यांचा मोठा व्यापारी. ओराझालींनी नव्या व्याह्याला घोड्यावर बसवले होते, आमच्याच गाडीवर. धुळीने मळू नये म्हणून ती ट्रकवर घालून नेली होती. चार महिन्यांत त्यांनी ती बाजारापर्यंतसुद्धा नेली नव्हती.

"नव्या व्याह्यांनी सगळ्यांना घरी नेऊन बॉनेट उघडलं," मार्झान हळू आवाजात सांगत होती. कोणी ऐकू नये म्हणून ती गोठ्यातून बोलत असावी. मागे मेंढ्या ओरडत होत्या. "बोल्टवर पान्याच्या खुणा, जोडावर नव्या सिलंटचं लुकण. ते सगळ्यांसमोर म्हणाले, 'व्याहीबुवा, इंजिन खोललेली गाडी मी बाजारात निम्म्या किमतीला घेतो. तुम्ही मला मानानं दिलीत.' मामंजी तिथं काही बोलले नाहीत. घरी येऊन बोलले."

"इंजिन नवं आहे त्यातलं," मी म्हणालो. "लायनर नवे, पिस्टन नवे. चालवून बघा म्हणावं."

"चालवायचं कुणाला होतं, पापा? सासूबाई म्हणतात, तुझ्या बापानं आम्हाला ठिगळ लावलेल्या घोड्यावर बसवलं. आल्यागेल्याला सांगतात. मग लग्नात मला चुलीपुढून हलू दिलं नाही."

"ती बिघडली होती, मुली. म्हणून दुरुस्त केली. तुझ्यासाठीच..."

"माहीत आहे मला. आई म्हणाली होती, बाग कशाला विकली ते." ती रडत नव्हती, रडली असती तर मला काही तरी बोलता आले असते. "पण ती खोललीत कशाला, पापा? तशीच दिली असतीत. न खोललेली म्हणून शिमकेंतला गेली असती. मग फुटली असती तर त्यांच्याकडे फुटली असती."

चाळीस वर्षे मी मुलांना वाक्ये कशी पुरी करायची ते शिकवले.

"हाक मारतायत," ती म्हणाली. "ठेवते."

उमसिन हात पुसत दारात आली. "कोण होतं? मार्झान? कशी आहे?"

"ठीक आहे," मी म्हणालो.

"गाडी चालतेय ना चांगली?"

"चालतेय," मी म्हणालो.