दहा जणींची पालेभाजी

शिवणकारखान्यात कॉलर जोडणारी ती बाई तोंडाची फटकळ. जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यातल्या आहारवाल्या मॅडम तक्ते घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मुलांना नवी भाजी दहादा द्या. हळूहळू आवडते."

"आणि नऊदा थुंकली, ती कोण भरून देणार?" कॉलरवालीनं विचारलं.

बायका खो खो हसल्या. ती मात्र हसली नाही. तिच्या सात वर्षांच्या लेकीच्या अंगात रक्त नव्हतं. पोर जिना चढताना मध्येच बसायची, गोळी दिली की ओकायची. महिन्यात फरक दिसला नाही, तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि पोर जगत होती बिस्किटांवर. लोक म्हणायचे, आईलाच अक्कल नाही. अहो, अक्कल होती म्हणूनच बिस्किटं! भाजीचं ताट पोरीनं ढकललं, तर दुसरं काय वाढणार होती ती, कपाळ? बिस्किट निदान पोटात तरी जायचं.

मॅडमनी तक्ता खाली ठेवला. "खरंय तुमचं," म्हणाल्या. "वाया जाणाऱ्या भाजीवर या तक्त्यात उपाय नाही."

"माझ्याकडे आहे," कॉलरवाली म्हणाली. "इथं एकटी बाई अख्खा शर्ट शिवते का? कुणी बाही लावते, कुणी काज करते. आपण दहा जणी आहोत. रोज एकीनं पालेभाजी करून आणायची, बाकीच्यांनी घासभर घरी न्यायची. पोरानं थुंकली, तर घासच गेला."

"आणि तुझी खारट झाली तर?" काजवालीनं चिडवलं.

"तर शिव्या खाईन. त्या मला छान पचतात!"

दुसऱ्या दिवसापासून पाळ्या लागल्या. पहिला घास पोरीनं सरळ भिंतीवर उडवला. तिसऱ्या दिवशी तोंड घट्ट मिटून बसली. कॉलरवालीनं ना डोळे वटारले, ना लाडीगोडी लावली. पोरीसमोर बसून स्वतः चाटूनपुसून खाल्लं. सहाव्या दिवशी पोरीनं बोट लावून चाखलं. आठव्या दिवशी नाक मुरडत का होईना, गिळलं.

नवव्या दिवशी घास संपला आणि पोरीनं डबा उलटा करून पाहिला.

"एवढंच?"

ताटात कमी पडलं की हा शब्द त्या घरात हजारदा ऐकला होता कॉलरवालीनं, आणि दर वेळी तिची मान खाली गेली होती. आज तिनं पोरीला कडेवर उचललं आणि मुके घेत सुटली.

"आज एवढंच, बाई! उद्या माझी पाळी आहे. उद्या आधी तू पोटभर खा, मग उरलेली त्या नऊ जणींना!"