डोळे मिटून मागितलेलं

नवीन देवळात पहिल्यांदा पाऊल टाकताना जे मागाल ते मिळतं, ही श्रद्धा व्हेरॉनिका वसईहून येताना बरोबर घेऊन आली होती. चर्चला ती अजून देऊळच म्हणते. कॅनडातल्या मिल्टनहून गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशी सगळी देवळं तिने एकाच मागण्यावर वापरून संपवली होती. त्यामुळे नॉर्बर्ट जेव्हा म्हणाला की क्विबेकमधली जुनी गावं बघू, तिथे द्राक्षमळे आहेत, वाइन चाखायला देतात, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "गावं जुनी म्हणजे देवळंही असतील ना?"

मागणं काय, हे नॉर्बर्टला पक्कं ठाऊक होतं. त्यांचा मुलगा ब्रायन सस्काटूनला खाणीत इंजिनियर आहे. आपल्या मुलीचा बाप्तिस्मा करणार नाही असं त्याने फोनवर सांगितलं, तेव्हा नॉर्बर्ट गरजला होता, "मग माझ्या घरात पाऊल टाकू नकोस!" ब्रायनने आयुष्यात पहिल्यांदाच बापाचं ऐकलं. तेव्हापासून व्हेरॉनिका नातीला फोनच्या पडद्यावर बघते, आणि तेवढ्या वेळात नॉर्बर्ट बेसमेंटमध्ये जाऊन घर गरम ठेवणारा फर्नेस तपासून येतो. फर्नेसला कधीच काही झालेलं नसतं.

गावं सुरेख होती. दगडी घरं, जुनी पाणचक्की, टेकडीच्या उतारावर द्राक्षांच्या रांगा. पहिल्या गावातल्या देवळाला कुलूप होतं. दुसऱ्याचे कॉन्डो फ्लॅट झाले होते, घंटेच्या मनोऱ्यात कुणाची तरी सायकल लटकत होती. मधल्या प्रत्येक रस्त्याकडेच्या क्रुसापाशी व्हेरॉनिका उतरली, पण क्रूस तिच्या हिशेबात धरत नाहीत. नॉर्बर्टने तेवढ्यात एका मळ्यात वाइन चाखली आणि आपली घरची बेदाण्याची यापेक्षा कडक असते, असं मालकाला सांगून टाकलं. मालकाला फक्त फ्रेंच येत होतं, म्हणून संबंध बिघडले नाहीत.

तिसऱ्या गावात मात्र देवळाचं दार सताड उघडं होतं. व्हेरॉनिकाने डोक्यावर ओढणी घेतली, डोळे मिटले आणि नॉर्बर्टच्या खांद्यावर हात ठेवला. मागून होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, हा तिचा स्वतःचा नियम. नॉर्बर्ट तिला आत घेऊन गेला आणि जागीच थबकला. वेदीच्या जागी काउंटर होता, त्यामागे वाइनची पिंपं. एक मुलगी हसत ग्लास पुसत होती. तिने "बॉंझूर" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात नॉर्बर्टने ओठांवर बोट ठेवलं. मुलीने ग्लास आवाज न करता खाली ठेवला.

व्हेरॉनिका हाताने चाचपत तिथल्या जुन्या बाकापाशी गुडघ्यांवर बसली होती. तिचे ओठ हलत होते. नॉर्बर्टने त्यांवर ब्रायनचं नाव ओळखलं. त्या नावाआधी नॉर्बर्टचं स्वतःचं होतं. त्याला भयंकर लाज वाटली. एवढी देवळं फिरून ही बाई आधी आपल्यासाठी मागत होती, आणि आज मागत होती ती वाइनच्या दुकानात. इथून देव केव्हाच बिऱ्हाड हलवून गेला होता. ऐकणारा एकटा नॉर्बर्टच.

तो बाहेर पायरीवर आला आणि फोन लावला.

"डॅड? व्हॉट हॅपन्ड? इज मॉम ओके?"

"ओके आहे. प्रे करतेय." नॉर्बर्टने घसा खाकरला. "क्रिसमसला घरी या. बेबीला घेऊन."

ब्रायनने विचारलं, "अँड द बॅप्टिझम?"

"मी विचारलं का?"

"नो," ब्रायन म्हणाला. "आय विल बुक द फ्लाइट्स."

तेवढ्यात आतून "अरे देवा!" ऐकू आलं. ओढणी सावरत व्हेरॉनिका रडवेली होऊन बाहेर आली.

"नॉर्बर्ट, हे देऊळ नाही रे! वाइन विकतात आत! माझं मागणं फुकट गेलं!"

"नाही गेलं," नॉर्बर्ट म्हणाला आणि ब्रायन अजून लाइनवर असलेला फोन तिच्या हातात दिला.