नकाशातली मोकळी जागा

मित्रांनो, मी अंधेरीतल्या एका मराठी शाळेच्या भिंतीवर लटकणारा नकाशा आहे. ‘मुंबई उपनगर जिल्हा’ असे ठळक नाव माझ्या माथ्यावर आहे आणि पाठीला मांजरपाटाचे जाड कापड चिकटवलेले आहे. वय म्हणाल तर पाचच वर्षे. पण माझ्यामुळे जे घडले, त्याने मी अकाली म्हातारा झालो.

१९५३ साली आमच्या शाळेत युरोपचा नकाशा होता, आफ्रिकेचाही होता, पण स्वतःच्या जिल्ह्याचा नव्हता. भूगोल शिकवणाऱ्या विद्याधर गुरुजींना याची लाज वाटे. म्हणून दर रविवारी ते मला, तेव्हाच्या कोऱ्या कागदाला, काखेत मारून निघत. मुलुंडच्या टेकड्या, घाटकोपरकडची मिठागरे, बोरिवलीजवळची लेणी, पोर्तुगीजांच्या काळातली चर्चे असे सारे त्यांनी पायी फिरून माझ्यावर उतरवले. न पाहता एक रेघही मारणार नाही, असा त्यांचा बाणा होता. मला त्याचा फार अभिमान वाटे.

मग समुद्राकाठचे खारवडे गाव आले. कोळ्यांची वस्ती. गुरुजींनी रीतसर निरोप धाडला की अमक्या रविवारी येतो. गावाच्या कडेला मोठे मैदान होते. तिथे बांबूंना दोऱ्या बांधून सगळ्या गावाचे बोंबील वाळत. पावसाळ्यात होड्या बंद असल्या की त्या सुकटीवरच घरे चालत. पण पाहुणा येणार म्हणजे गावाच्या अब्रूचा प्रश्न! गावचे पाटील रामनाथ म्हणाले, “गुरुजींना वास सोसनार नाय. सगला कारा.”

बायकांनी बांबू उपटले, दोऱ्या गुंडाळल्या, मैदान झाडून सडा घातला. गुरुजी शहाळे प्यायले, मग त्यांनी मला पसरले आणि तिथे सुबक अक्षरात लिहिले, ‘मोकळी जागा’.

पुढे प्रदर्शनात मला पहिले बक्षीस मिळाले. माझ्यावर व्हार्निश चढले. त्यानंतर गुरुजी मुलांची सहल घेऊन खारवड्याला गेले, तर मैदानभर बोंबील वाऱ्यावर हलत होते! परत येताच त्यांनी ते शब्द खरवडायला ब्लेड काढले, माझ्यासमोर उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मग बक्षिसाच्या शिक्क्याकडे बघून ब्लेड खिशात टाकले. खरे सांगतो, मला तेव्हा हायसे वाटले. अंग खरवडून घ्यायला कोणाला आवडते?

१९५६ साली एका कंपनीला गोदामांसाठी किनाऱ्यावरचे खारवड्याचे ते मैदान हवे होते. सरकारी कचेरीतून मला आणि गुरुजींना बोलावणे आले. नवा नकाशा, शिवाय बक्षीसपात्र! तक्रार घेऊन गावातून पाटील आणि सरूबाई आली होती. ही सरूबाई अंधेरीच्या बाजारात सुकट विकायची.

“तिथं आमचं बोंबील सुकतान, सायेब,” ती म्हणाली.

“यात कुठे आहेत?” साहेबाने माझ्यावर बोट ठेवले आणि गुरुजींकडे वळून विचारले, “तुम्ही स्वतः पाहून लिहिलंत ना?”

गुरुजींनी एक वाक्य बोलायचे होते, ‘नंतर वेगळे पाहिले.’ एवढेच. ते म्हणाले, “हो. स्वतः पाहून लिहिलं.”

सरूबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “गुरुजी, तुमी येनार म्हनून मैदान झारला होता आमी.”

कचेरीच्या शिपायाने मला गुंडाळले.

आज त्या मैदानाला तारेचे कुंपण आहे. सुकट बंद झाली आणि सरूबाई गोवंडीकडे कुणाच्या घरी भांडी घासते, असे ऐकतो. गुरुजी मुख्याध्यापक झाले. वर्गात ते माझ्याकडे पाठ करून शिकवतात. शाळेचा शिपाई मात्र मला रोज मऊ फडक्याने पुसतो. माझा एक कोपराही दुमडू देत नाही. इतकी काळजी त्या गावाची कोणी घेतली असती तर!

मित्रांनो, आपली कहाणी संपवताना आम्ही वस्तू ‘मला जपा’ असे सांगतो. मी ते सांगणार नाही. मला फाडलेत तरी चालेल. पण माझ्यावर लिहिलेले पाठ करण्याआधी एकदा खारवड्याला जा, तिथल्या माणसांना विचारा. आणि जाल तेव्हा आधी निरोप धाडू नका.